दोराला आठ जण, जोर चौघांचा

रस्सीखेचीत आठ जण दोराला लागले की जोर आठपट व्हायला हवा. होत नाही. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने हे मोजून पाहिलं आणि १९१३ मध्ये छापलं : आठांच्या गटात माणशी जोर एकट्याने ओढण्याच्या जवळपास निम्म्यावर आला.

थोडी घट समजण्यासारखी आहे, सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. पण १९७४ मध्ये हाच प्रयोग पुन्हा करताना एक गंमत केली गेली. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला दोरावर सर्वांत पुढे उभं केलं आणि मागच्यांनी ओढण्याचं नुसतं सोंग केलं. ओढणारा एकटाच, म्हणजे ताळमेळ चुकायचा प्रश्नच नाही. तरी जोर उतरला. मागे माणसं आहेत एवढी समजूत पुरेशी ठरली.

‘संघभावना वाढवा’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट वाटतो. कोणाचा वाटा किती हे दिसत नसेल, तर माणूस अंग चोरतो आणि बरेचदा ते त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. ४×४०० रिलेच्या सरावात चौघांचं मिळून एकच टाइमिंग घेऊ नका. चार लॅप वेगळे घ्या, सर्वांना दिसतील असे लिहा. बॅटन कुठे हातात पडला त्यावर घड्याळ दाबू नका, बॅटनने अंतिम रेषा ओलांडली की दाबा. नाहीतर दर वेळी अंतर बदलतं आणि तुलना फसते. दुसऱ्यापासून पुढच्या धावपटूंना पळतापळता सुरुवात मिळते, त्यामुळे त्यांचे आकडे पहिल्याशी ताडण्यात अर्थ नाही. प्रत्येकाचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी ताडा.

याच्या अगदी उलटही घडतं. ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाला १९२०च्या दशकात नौकानयनपटूंमध्ये दिसलं की निकाल कमजोर गड्यावर अवलंबून असेल, तर तो गडी एकटा असतानापेक्षा जास्त तग धरतो. सरावात हे वापरायला साहित्य लागत नाही. जोडीने प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून राहणं) धरायला लावा; दोघांपैकी एकाचेही गुडघे टेकले की जोडीचं घड्याळ बंद. खरी मेख जोडी लावण्यात आहे. एक ४० सेकंद टिकतो आणि दुसरा ५५, तर उत्तम. ४० आणि १२० अशी जोडी लावलीत तर कमजोर सुरुवातीलाच मनातून हरतो. दोघे अगदी सारखे असले तर ओढ लागत नाही. म्हणून आधी प्रत्येकाचा एकट्याचा वेळ घ्या, मगच जोड्या लावा, आणि दोन-तीन आठवड्यांनी बदला. दर वेळी आपल्यामुळेच घड्याळ थांबतंय हे कोणाला कायम सोसवत नाही. सायकलिंगच्या टीम परस्यूटमध्ये, म्हणजे चौघांच्या संघांच्या पाठलाग-शर्यतीत, चौघांपैकी तिसऱ्याच्या चाकावर वेळ धरतात, तेव्हा पहिल्या दोघांच्या तुफानी वेगाचा उपयोग तिसरा मागे चिकटून राहिला तरच.

आता चढाओढीचं. ट्रिपलेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यांपेक्षा पुढे वेग राखून देणारा सोबती किंवा शेजारी प्रतिस्पर्धी असलेले वेगवान निघाले. पण हे अंगवळणी पडलेल्या कौशल्याचं झालं. नवीन शिकत असताना चढाओढ लावली, की शरीर जुन्या सवयीकडे धावतं. बास्केटबॉलच्या फ्री थ्रोला (ठरलेल्या रेषेवरून, कोणी न अडवता केलेली फेक) कोपर आत आणायला शिकवताय आणि त्याच दिवशी ‘आधी दहा कोण टाकतंय’ सुरू केलंत, तर पाचव्या चेंडूला कोपर पुन्हा बाहेर. तंत्र बदलण्याच्या काळात गुण मोजूच नयेत. दहापैकी सात-आठ वेळा कोपर न सांगता जागेवर राहू लागला की मग खुशाल शर्यत लावा. (हा आकडा अनुभवाचा, शास्त्राचा नव्हे.)

बास्केटबॉल शिबिरातल्या मुलांवर झालेल्या फ्री थ्रोच्याच प्रयोगांत तिसरा मार्ग सरस ठरला : जोडीदाराबरोबर मिळून दुसऱ्या जोडीशी स्पर्धा. निव्वळ स्पर्धा आणि निव्वळ सहकार्य या दोन्हींपेक्षा त्यात मुलांना मजा जास्त आली. बारा खेळाडू असतील तर क्षमतेप्रमाणे उतरत्या क्रमाने नावं लिहा आणि तिघांचे चार संघ नागमोडी वाटा : १-८-९, २-७-१०, ३-६-११ आणि ४-५-१२. पंधरा मिनिटं पुरे. तोच संघ लागोपाठ तीनदा हरला तर संघ मोडा, कारण चौथ्यांदा ते हरायलाच येतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो निवड चाचणीच्या आठवड्यात. संघ म्हणून खेळा असं सांगायचं आणि वहीत फक्त गोल किंवा बास्केट लिहायचे! खेळाडू वही बघून खेळतो, भाषण ऐकून नव्हे. पास आटतात, मोकळ्या उभ्या असलेल्या सोबत्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. वहीत आणखी तीन रकाने आखा : गोल करून देणारा पास, हिसकावलेला चेंडू, बचावाला वेळेत परतणं. आणि हे रकाने मोजले जाणार आहेत हे चाचणीच्या आधी सांगा. नंतर सांगितलंत तर पुढच्या वेळी कोणी तुमच्या वहीवर विश्वास ठेवणार नाही.