ईजीआर: व्हॉल्व्ह हलतो, पण वायू पुढे जात नाही

मागच्या वेळी गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) काढून साफ केला, नवं गॅस्केट टाकलं, बिघाडाचा कोड पुसला. बाराव्या दिवशी इंजिन लाइट परत लागला. कोड तोच, पी०४०१.

या कोडवरून मी थेट व्हॉल्व्हवर घसरलो, तिथेच चुकलं. पी०४०१ एवढंच सांगतो की एक्झॉस्टचा वायू अपेक्षेपेक्षा कमी फिरतोय. माझ्या दोन लिटरच्या इंजिनात तो वायू मोजणारा वेगळा सेन्सर नाही. ईसीयू (इंजिनचा संगणक) एमएएफवरून, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवरून, हिशेब लावतो: सिलिंडरमध्ये एक्झॉस्ट शिरला की ताजी हवा तेवढी कमी ओढली जाते. मग आपणही तेच बघायचं.

इंजिन पुरतं गरम करून आयडलला ठेवलं आणि स्कॅनरवर तीन आकडे शेजारी घेतले: व्हॉल्व्हला मिळालेला आदेश, त्याची प्रत्यक्ष उघडझाप आणि दर स्ट्रोकची, म्हणजे एका सिलिंडरने एका वेळी ओढलेली, हवा. (हे लवकर उरकायचं. बऱ्याच गाड्यांत आयडल लांबला की ईसीयू स्वतःच ईजीआर बंद करतो.) व्हॉल्व्ह बंद असताना हवा ४८० मिलिग्रॅम. ४० टक्के मागितले, ३९ मिळाले, पण हवा उतरली फक्त ४५० पर्यंत.

एमएएफच चुकतोय का? एका सिलिंडरमध्ये मावणाऱ्या अर्धा लिटर हवेचं वजन सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि सिलिंडर काही काठोकाठ भरत नाही. तेव्हा ४८० पटण्यासारखं आहे. व्हॉल्व्ह हलतोय, सेन्सर ठीक आहे; राहिली वाट.

व्हॉल्व्हकडून इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांकडे) जाणारा पाइप काढला. तोंडाशी काजळी आणि क्रँककेसच्या वाफेतलं तेल मिळून डांबरासारखा थर, मधे पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक! खपल्या आत पडू नयेत म्हणून मॅनिफोल्डचं तोंड चिंधीने बुजवून खरवडलं. या कामात घाई अजिबात नको. ईजीआर कूलरच्या (परतणारा वायू थंड करणाऱ्या भागाच्या) बाजूला ओल नव्हती, कूलंटची पातळीही जागच्या जागी.

जोडल्यावर त्याच ३९ टक्क्यांना हवा २९० वर आली.

ब्लँकिंग प्लेट (ईजीआरची वाटच बंद करणारी पट्टी) लावून मोकळं व्हावं असं काहीजण म्हणतील. मला ते पटत नाही. ईजीआरमुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. ते आपल्याच श्वासात जाणार असतात.

आठशे किलोमीटर झाले, लाइट नाही. आता मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर काढून बघणार आहे, तोही त्याच मॅनिफोल्डवर, त्याच काजळीत बसलेला आहे.