काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचा लाल गाऊन: वेशभूषेच्या वहीतून

जुने चित्रपट आणि त्यातले कपडे, या एकाच नादाला लागलेल्या सगळ्यांसाठी ही ताजी खबरबात. वही भराभर भरते आहे, पण नवं फारसं काही पाहिलेलं नाही. पाहिलेलेच चित्रपट पुन्हा लावायचे आणि फक्त कपड्यांसाठी बघायचे, असं सध्या चाललंय. पहिल्या फेरीत गोष्ट आपल्याला ओढून नेते, आणि नेऊ द्यावं. दुसऱ्या फेरीला आवाज बंद. संवाद गेले की बाह्या, घेर, हातमोजे, टोप्या आपसूक पुढे येतात. खुर्चीत बसताना कोण स्कर्ट सावरतं आणि कोण नाही, हे मला तरी आवाज चालू असताना कधी दिसत नाही.

लिहिताना एक नियम घालून घेतलाय. सुंदर, अप्रतिम, राजेशाही, डोळ्यांचं पारणं फेडणारं, हे शब्द वहीत बंद. त्याऐवजी कापड काय करतं ते लिहायचं: ओढतं, अडवतं, सळसळतं, लपवतं, चुरगळतं. क्रियापद सापडलं नाही तर त्या पोशाखावर माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही असं समजायचं आणि पुढे जायचं. या नियमापायी बऱ्याच गाजलेल्या गाऊनांचा पत्ता कट झाला, त्याला इलाज नाही.

सगळ्यात जास्त पानं गेली ती 'जेझबेल'वर. विल्यम वायलरचा 1938चा चित्रपट, बेटी डेव्हिस नायिका, कपडे ओरी-केलीचे. गोष्ट सुरू होते 1852च्या न्यू ऑर्लिन्समध्ये. तिथल्या बड्या नृत्यसमारंभात लग्न न झालेल्या मुलींनी पांढरंच घालायचं असा दंडक, आणि नायिका ज्युली जाते लाल गाऊन घालून. ती नाचायला लागते तशी बाकीची जोडपी बाजूला होत जातात, मधली जागा रिकामी पडते. तिला आता थांबायचं असतं, निघून जायचं असतं, आणि तिचा होणारा नवरा झालेला हेन्री फोंडा तिला थांबू देत नाही. सगळं नाट्य एका रंगावर उभं, आणि चित्रपट कृष्णधवल! पडद्यावर लाल नावाची गोष्टच नाही.

तो गाऊन प्रत्यक्षात लाल नव्हताच, गंजासारख्या तपकिरी रंगाच्या सॅटिनचा होता, असं वेशभूषेवरच्या लेखनात वारंवार येतं. कारण सांगतात ते असं, की खरा लाल काळाठिक्कर उमटला असता. वाचून मान डोलवावी आणि पुढे जावं अशी ही माहिती, पण मला ती डोळ्यांनी बघायची होती. म्हणून कापडाचे तुकडे जमवले: गडद लाल सॅटिन, तपकिरी सॅटिन, बाटली हिरवं, आकाशी, हळदी पिवळं आणि पांढरं शुभ्र. खिडकीच्या उजेडात ओळीने मांडून फोनवर फोटो काढला आणि ॲपमध्ये त्यातले रंग काढून टाकले. फोटो सुधारायच्या बऱ्याच ॲपांत कृष्णधवल करताना लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण वेगवेगळं ठेवता येतं. सगळी गंमत तिथेच आहे.

मूकपटांच्या काळात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला आंधळी असायची. तिची नक्कल करायची म्हणून लाल पार शून्यावर नेला. लाल तुकडा झाला कोळसा, आकाशी जवळजवळ पांढरा. चौकटीत माझी बोटं आली होती, त्यांची कातडी काळवंडून डागाळलेली दिसायला लागली. जुन्या मूकपटांतल्या नटांचे ओठ काळे का आणि निळ्या डोळ्यांची बुबुळं पांढरीफटक का, याचं उत्तर एका सरकपट्टीवर मिळालं.

'जेझबेल'च्या वेळेपर्यंत मात्र सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली होती. म्हणून दुसरी आवृत्ती तिन्ही रंग ठेवून केली. यात लाल कोळसा होत नाही, पण चांगलाच गडद करडा होतो आणि शेजारच्या बाटली हिरव्यापासून ओळखू येत नाही. मला महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. गडद लाल सॅटिनला चुण्या घातल्या तर खोलगट भागातला तपशील साफ बुडतो. तपकिरी सॅटिनची प्रत्येक चुणी दिसते: वरची कड उजळ, आत सावली, मधे दोन-तीन छटा. आता तोच नाच पुन्हा बघा. भोवतीच्या मुलींचे गाऊन पांढरे, हलके, मऊ उजेडाचे. त्यांच्यात ज्युलीचं कापड जड आणि चकचकीत, प्रत्येक गिरकीला उजळतं आणि मावळतं. नुसता काळा गाऊन असता तर तिथे एक आकार फिरताना दिसला असता. इथे कापड फिरताना दिसतं. तो लालपणा पोतातून येतो, शेजारच्या पांढऱ्यातून येतो, आणि लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघतात त्यातून येतो. डेव्हिसला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. ओरी-केलीला मिळायचा प्रश्नच नव्हता, वेशभूषेचं ऑस्कर तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

फोनचा सेन्सर म्हणजे फिल्म नव्हे, आणि दिवे, फिल्टर, प्रिंट या सगळ्याने फरक पडतो. तेव्हा या फोटोंना पुरावा म्हणू नये. डोळा तयार करायला मात्र याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

वेशभूषेचं ऑस्कर सुरू झालं ते 1948च्या चित्रपटांपासून, आणि पहिल्याच वर्षी कृष्णधवल आणि रंगीत असे दोन वेगळे पुरस्कार होते. मधली एक-दोन वर्षं सोडली तर 1966च्या चित्रपटांपर्यंत ही विभागणी टिकली. पूर्वी मला ती उगाचची वाटायची. हे तुकडे मांडल्यापासून वाटत नाही. कृष्णधवलसाठी कापड निवडणारा माणूस रंग बघतच नाही, तो त्या रंगाची पडणारी करडी छटा आणि तिच्यावरचा उजेड बघतो. हे कसब वेगळंच आहे.

त्याच भरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (1913) पुन्हा पाहिला, जेवढा उरलाय तेवढा. तारामतीच्या साडीत अण्णा साळुंके. त्या काळच्या फिल्मवर लाल काठ आणि काळा काठ यांत फरक करणं अशक्य, त्यामुळे रंगाबद्दल अक्षरही लिहायचं नाही असं ठरवलं. नेसण मात्र नीट वाचता येते. पुरुषाच्या खांद्यावरून पदर कसा उतरतो आणि कमरेशी कापड कसं वेगळं बसतं, यावर पान भरलं.

पांढऱ्याचाही एक घोळ आहे. शुभ्र पांढरं कापड दिव्यांखाली इतकं भगभगतं की शिवण, चुण्या, भरतकाम सगळं पुसलं जातं. म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून किंवा हलका रंग देऊन मळकं करायची पद्धत होती. एक रुमाल चहात बुडवून शुभ्र रुमालाशेजारी ठेवला आणि फोटो काढला. दोन्ही पांढरेच दिसले, पण कडेची टाके घातलेली दुमड चहात बुडवलेल्या रुमालाचीच दिसत होती. 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधल्या (1939) डोरोथीच्या निळ्या चौकड्यांच्या झग्यातलं पांढरंही मुळात फिकट गुलाबी, टेक्निकलरला, म्हणजे त्या काळच्या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीला, ते पांढरं म्हणून मानवायचं. वेशभूषाकार एड्रियनचे माणकासारखे लाल बूट तर सगळ्यांना माहीत आहेत. मूळ पुस्तकात ते चांदीचे आहेत, रंगीत फिल्मचा पुरेपूर फायदा घ्यायचा म्हणून लाल झाले.

आता 'रोमन हॉलिडे' (1953). माझ्या नियमाला सगळ्यात चांगलं उतरणारं काम हे. ऑड्री हेपबर्नची राजकन्या महालातून पळते तेव्हा अंगावर साधं पांढरं ब्लाउज आणि घेरदार स्कर्ट. बाह्या लांब, मनगटाशी बटणं लावलेली, गळा बंद. दिवसभर तेच कपडे! ती कपडे बदलत नाही, कपडे सैल होत जातात. केस कापले जातात, टाचेच्या बुटांच्या जागी चपला येतात, गळ्याचं बटण उघडतं, बाह्या दुमडल्या जातात, गळ्याला छोटा रुमाल येतो. आवाज बंद करून नुसत्या बाह्या बघितल्या तरी ती कितपत मोकळी झाली आहे ते कळतं. आणि याची पेरणी सुरुवातीलाच आहे: समारंभात पाहुण्यांच्या रांगेसमोर उभी असताना तिचा पाय गाऊनच्या घेराखाली बुटातून बाहेर येतो आणि बूट हाती, म्हणजे पायी, लागत नाही. वरून गाऊन अगदी निश्चल. वेशभूषाकार एडिथ हेडला या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. तिची एकूण आठ, आणि पुढच्याच वर्षीच्या 'सब्रिना'चंही त्यात आहे. त्यातले हेपबर्नचे पॅरिसहून परतल्यानंतरचे गाजलेले कपडे फ्रेंच फॅशन डिझायनर जिव्हाँशीकडचे असूनही पडद्यावर नाव एकट्या हेडचं. बाई हुशार होती, कामसू होती आणि श्रेय घ्यायला कधी लाजली नाही.

'रिअर विंडो'वर (1954) नव्याने एवढंच: नायिका लिसाचे कपडे 'काय भारी' म्हणून सोडून देऊ नका, ते उतरत्या क्रमाने वाचा. सुरुवातीला काळी चोळी आणि पांढऱ्या झिरझिरीत कापडाचा प्रचंड घेर, जो त्या अंधाऱ्या खोलीत मावतच नाही. मग फिका हिरवा सूट, मग फुलाफुलांचा झगा, शेवटी जीन्स आणि शर्ट. त्या फुलांच्या झग्यात ती समोरच्या खिडकीतून खुन्याच्या घरात चढते. इतका घेर सांभाळत कठडा ओलांडताना बघून आपला जीव टांगणीला लागतो, आणि त्यातलं निम्मं काम स्कर्टचं आहे. ती पँट घालून चढली असती तर ती चटकन पोचली असती.

'व्हर्टिगो'तला (1958) करडा सूट हे याचं दुसरं टोक. दिग्दर्शक हिचकॉकला तोच हवा होता आणि काळे बूटही हवे होते. नायिका किम नोवाकला दोन्ही नको होते. तो सूट अंगाला जखडल्यासारखा वाटायचा आणि ते जखडलेपणच आपण मॅडेलिनच्या भूमिकेसाठी वापरलं, असं तिने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. हे कळल्यावर तिची चाल बघा: पाठ ताठ, हात अंगाशी. पुढे जुडी या दुसऱ्या रूपात आल्यावर हिरव्या स्वेटरमध्ये तीच बाई खांदे पाडून चालते. मग दुकानात नायक स्कॉटी तिच्यासाठी तोच करडा सूट शोधायला लागतो तो प्रसंग येतो. बाकी चित्रपटात उंची आणि पडणं कितीही असो, मला सगळ्यात जास्त धडकी तिथे भरते.

'गिल्डा'तल्या (1946) वेशभूषाकार जाँ लुईच्या काळ्या सॅटिन गाऊनबद्दल थोडक्यात. खांद्याला पट्टी नाही, तरी रिटा हेवर्थ हात वर करून नाचते आणि गाऊन जागचा हलत नाही, कारण आत ताठ पट्ट्यांचा सांगाडा शिवलेला आहे. बाहेरून मऊ, आतून बांधकाम. यावर सगळ्यांनी लिहून झालंय.

आपल्याकडच्या नोंदी वेशभूषाकार भानु अथैयांपासून सुरू केल्या आहेत. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण जे. जे.तलं, आणि 'गांधी'साठी जॉन मोलोबरोबर मिळालेलं ऑस्कर, हे सगळ्यांना पाठ असतं. मी वहीत घेतलाय 'आम्रपाली' (1966). त्यासाठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासली होती. वैजयंतीमाला नाचताना अंगावरचं कापड गुंडाळलेलं, गाठी मारलेलं वाटतं. नाचात ते सुटत नाही म्हणजे कुठेतरी शिवण आहेच, फक्त ती कॅमेऱ्याला दिसू दिलेली नाही. 'ब्रह्मचारी'तल्या (1968) मुमताजच्या नारिंगी साडीचंही तसंच: दिसते नेसलेली, असते शिवलेली. या दोन चित्रपटांवर मिळून एक लांब लेख होईल असं दिसतंय. त्याला अजून वेळ आहे, कारण गाण्यांचे तुकडे थांबवून थांबवून बघताना निऱ्या कुठे संपतात तेच सापडत नाहीये.

सोबत श्रेयनामावल्यांची वेगळी यादी चालू केली आहे. जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांत हे काम कधी 'वेशभूषा', कधी 'कपडेपट', कधी 'ड्रेसेस' अशा नावाखाली येतं, आणि कधी येतच नाही. बऱ्याच प्रिंटांत ती पाटी कापलेली किंवा अक्षरं धुरकट असतात. तुमच्याकडच्या प्रतीत ती वाचता येत असेल तर नाव जसं लिहिलंय तसंच, शुद्धलेखन न सुधारता, उतरवून घ्या आणि मला कळवा. शिंप्यांची नावं असतील तर तीही हवीत, आधी तीच हवीत.