मिक्सरमधलं लोणी आणि ७७२

रविवार, दुपार

आठवड्याची विरजलेली साय आज मिक्सरला लावली. तीन-चार मिनिटं झाली तरी लोणी काही येईना, नुसतं पांढरं, ढिलं काहीतरी गरगरतंय. आईने भांड्याला हात लावला. "अगं, कोमट झालंय हे. बर्फ घाल." चार खडे टाकले, मिनिटभरात गोळा वर.

साय फ्रिजमधली. गॅस पेटवलेला नाही. थोडी ऊब मोटारीची असेल, पण बाकीची? पात्यांनी घुसळून घुसळून आणलेली. तेव्हा जूल आठवला.

शाळेत जूल म्हणजे ऊर्जेच्या उत्तरापुढे लिहायचं एकक; विसरलं की अर्धा मार्क गेला. माणूस म्हणून तो कधी डोळ्यांसमोर आलाच नाही. जेम्स जूल हा इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या बिअर गाळणाऱ्या घरातला मुलगा. विद्यापीठात शिकला नाही, मात्र शिकवणीला होता तो अणुसिद्धांतवाल्या जॉन डाल्टनकडे. (शिकवणी लावावी तर अशी!) त्याचं यंत्र म्हणजे चक्क रवी. तांब्याच्या भांड्यात पाणी, मध्ये पात्यांचा दांडा, दांड्याला दोरी, दोरीला वजनं. वजनं खाली उतरली की रवी फिरते. नुसतं पाणीच भोवऱ्यासारखं फिरू नये म्हणून भांड्यात स्थिर पातीही बसवलेली. वजनं जेमतेम सव्वापाच फूट उतरायची. पुन्हा वर गुंडाळायची, पुन्हा सोडायची, असं वीस वेळा. एवढं करून पाणी तापायचं किती, तर अर्ध्या फॅरनहाइट अंशाहून जरासं जास्त!

त्यातून १८५० मध्ये त्याने आकडा मांडला: एक पौंड पाणी एक अंश तापवायला ७७२ पौंड वजन एक फूट खाली यावं लागतं. उष्णता हा नव्याने तयार न होणारा आणि न आटणारा द्रव आहे, असं तोवर अनेक जण धरून चालले होते. हालचालीतून ती हवी तेवढी निर्माण होते म्हटल्यावर त्या द्रवाचं काय उरलं? पण अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत थर्मामीटर वाचतो म्हणणाऱ्या हौशी माणसावर लोकांनी विश्वास तरी कसा ठेवावा? मीही ठेवला नसता. १८४७ मध्ये ऑक्सफर्डला शास्त्रज्ञांच्या सभेत तर त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं होतं. तरुण विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, मात्र नीट ऐकलं. त्याच उन्हाळ्यात दोघे आल्प्समध्ये पुन्हा भेटले. जूल बायकोबरोबर लग्नानंतरच्या सहलीवर होता आणि धबधब्याच्या वरचं-खालचं तापमान मोजायच्या खटपटीत होता. तुषारच इतके उडायचे, की काही जमलं नाही. त्या बायकोला काय वाटलं असेल, ते मात्र कुठे वाचायला मिळालं नाही.

जूलच्या थडग्यावर त्याने नंतर पुन्हा मोजून काढलेला आकडा कोरलाय: ७७२.५५.

मिक्सरमधलं ताक किती अंश तापतं ते पाहू म्हणून तापाचा थर्मामीटर शोधून आणला, तर तो ३५ च्या खाली काही दाखवतच नाही. शिवाय आई बघत होती.