शिट्टी न होणारा भात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न आला की "होतो की चांगला" एवढं म्हणून मी चहाचं विचारते. प्रश्न असा: घरात लहानमोठे तीन कुकर असताना भात मायक्रोवेव्हमध्ये कशाला? विचारणारा आधी त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्याकडे बघतो आणि मग माझ्या सासूबाईंकडे. या वयात बिचारीला काय खावं लागतंय, असं त्या बघण्यात असतं. तर पहिली गोष्ट, तो भात मी करत नाही. सासूबाईच करतात.

त्यांचं वय 83. आम्ही कर्वेनगरात राहतो, मी आणि हे सकाळी नऊला बाहेर पडतो ते सातला उगवतो. दोन वर्षांपूर्वी आषाढात त्यांनी दुपारी कुकर लावला आणि तळाला पाणी घालायला विसरल्या. डब्यांत पाणी होतं, खाली नव्हतं. खाली पाणी नाही म्हणून पुरेशी वाफ नाही, वाफ नाही म्हणून शिट्टी नाही. आणि तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा हा साठ वर्षांचा हिशोब. त्या बाहेरच्या खोलीत पहिल्या शिट्टीची वाट बघत बसल्या. गॅस्केट जळाली, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला, घरभर धूर झाला. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं.

मग घरात जे होतं ते झालं. "आई, आता तुम्ही गॅसला हात लावायचा नाही." मी डबा लावून दिला. डबा वाईट नव्हता, पण त्यातला भात मोकळा, दाणा न् दाणा वेगळा, बारापर्यंत गार. सासूबाईंच्या मते भात कालवल्यावर बोटांना थोडा लागला पाहिजे. त्या तो भात चिमण्यांना घालायला लागल्या. आठ-दहा दिवसांत मला कळलं की त्या दुपारी बिस्किटं खातात. म्हणून मग भात मायक्रोवेव्हवर आला.

मायक्रोवेव्हचा मला पटलेला गुण एकच आहे: त्याला विसरलं तरी चालतं. अठरा मिनिटं सांगितली की अठराव्या मिनिटाला तो आपणहून बंद होतो. आमचा जुना आहे, दोन गोल खटक्यांचा, 800 वॉटचा. वरचा खटका मी 'मध्यम'वर आणून चिकटपट्टीने बांधून टाकला. खालच्या खटक्यावर अठराच्या आकड्यापाशी लाल टिकली लावली. टिकली सासूबाईंच्या पाकिटातलीच.

भांडं म्हणजे काय, तर पॉलिप्रॉपिलीनचा एक खोलगट डबा, आत एक भोकांचं झाकण, त्यावर बाहेरचं झाकण आणि दोन्ही बाजूंना खटके. आतलं झाकण बिनकामाचं वाटतं, पण सगळी करामत तिथेच आहे. तांदूळ उकळला की पिठूळ फेस वर येतो. तो भोकांतून वर चढतो, दोन झाकणांच्या मधल्या जागेत निवतो आणि परत खाली गळतो. मी पहिल्याच दिवशी ते झाकण धुऊन जाळीत विसरले होते. फिरत्या काचेवर पेजेचं तळं झालं. याला कुकर म्हणतात खरं, पण दाब वगैरे यात धरत नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, म्हणजे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. या भांड्यात त्याच्यावर काही जात नाही. प्रेशर कुकरमध्ये 120 अंशांपर्यंत जातं. म्हणून हा भात चवीला कुकरच्या भातापेक्षा जुन्या पातेल्यातल्या भाताच्या जवळ जातो. हे माझं मत नाही, सासूबाईंचं आहे, आणि त्यांनी ते नाइलाजाने दिलंय.

पुस्तिकेत लिहिलंय की आधी पूर्ण शक्तीवर पाच मिनिटं, मग मध्यमवर दहा. मधे उठून खटका फिरवायचा म्हणजे पुन्हा लक्षात ठेवणं आलं. आम्ही एकदमच मध्यमवर ठेवतो. कान देऊन ऐकलंत तर कळेल, मध्यमवर यंत्र सारखं चालत नाही, थोडा वेळ घुमतं आणि थोडा वेळ गप्प बसतं. त्या गप्प बसण्यात तांदूळ पाणी पितो, फेसही कमी येतो. बंद झाल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, हे मात्र पाळावं लागतं. लगेच उघडला तर वर चिकट आणि मधे कणीदार निघतो. एक वाटीला अठरा मिनिटं तर दोन वाट्यांना छत्तीस का, असंही विचारतात. नाही. उकळी येईपर्यंतचा वेळ दुप्पट होतो, पुढचा शिजण्याचा तेवढाच राहतो. आमच्याकडे दोन वाट्या चोवीस मिनिटांत होतात.

तांदूळ इंद्रायणी. मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर 8 या भाताच्या दोन वाणांच्या संकरातून हा झाला, 1987 साली. म्हणजे सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो नव्हताच. तेव्हा आंबेमोहर असायचा आणि त्याचा वास शेजारी जायचा, हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. आंबेमोहर आम्ही आणतो कधीकधी, पण तो या भांड्यात पटकन गिचका होतो, पाण्याचा अंदाज चुकायची फार भीती. बासमतीला हे भांडं सगळ्यात चांगलं जमतं, आणि बासमती आमच्या घरात पाहुण्यांशिवाय कोणी खात नाही.

पाण्यावरून आमचं अजून मिटलेलं नाही. त्या आयुष्यभर पेराने मापत आल्या: तांदळावर बोट टेकवायचं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी. पण पेराचं माप भांड्याच्या रुंदीवर असतं. या रुंद डब्यात पेरभर पाणी म्हणजे पेजच. ते त्यांनी दोनदा करून बघितलं आणि वाटीवर आल्या. मी म्हणते वाटीला दोन वाट्या पाणी. त्या म्हणतात पावणेदोन. डिसेंबरात नवा तांदूळ येतो तेव्हा त्यांचं बरोबर असतं, पुढच्या पावसाळ्यात तोच तांदूळ जुना झाला की माझं. तांदूळ वीस मिनिटं भिजवायचा आणि पाण्यात अर्धा चमचा तूप घालायचं, यावर मात्र दोघींचं एकमत आहे.

आता खरी अडचण. 'कुकर लावणं' म्हणजे आपल्याकडे नुसता भात नसतो. खाली डाळ, वर तांदूळ, जमल्यास त्यावर दोन बटाटे. एकाच कुकरात वरण-भात. मायक्रोवेव्हने ही जोडी फोडली. तुरीच्या डाळीला दाब लागतो. या भांड्यात ती फेस काढत राहते आणि अर्ध्या तासाने चावली तर दाताखाली येते. त्यामुळे डाळ मी रात्री कुकरला लावते, दोन दिवसांची. सासूबाई दुपारी वाटीभर वरण गरम करून घेतात. "डाळ कालची चालते, भात कालचा चालत नाही." फोडणीचा भात हे माझं खाणं आहे, त्यांचं नाही. म्हणजे जो कुकर घालवला असं सगळ्यांना वाटतं तो घरात आहेच, फक्त आम्ही घरी असताना चालतो.

भांड्याबरोबर एक जाळीचा डबा आला होता, भाज्या वाफवायला. सासूबाई आधी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हत्या. मग एकदा तांबड्या भोपळ्याच्या फोडी ठेवून बघितल्या, खाली दोन चमचे पाणी, पूर्ण शक्तीवर सहा मिनिटं. भोपळा पाण्यात न उकळल्याने पाणचट होत नाही. दही, कूट, मिरची, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. ते भरीत आता आठवड्याला होतं. अर्थात फोडणीला मी असावी लागते, आणि चिकटपट्टीही मीच सोडायची. फरसबी, गाजर, फ्लॉवर चार-पाच मिनिटांत होतात आणि रंग टिकतो. बटाटा सालासकट ठेवलात तर काट्याने टोचून ठेवा, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतो. वांग्याच्या भरताचं मात्र कृपा करून नाव काढू नका. ते वांगं शिजतं, भाजत नाही.

आणि मोदक. एका अंगारकीला मी हौसेने अकरा मोदक त्या जाळीत ठेवले. कळ्या सुकल्या, पाऱ्या तडकल्या, सारण बाहेर. नंतर डोक्यात प्रकाश पडला. मोदकपात्रात मोदकाला फक्त वाफ लागते, ओली आणि सगळीकडून सारखी. इथे खालचं पाणी तापून वाफ होईपर्यंत लहरी थेट मोदकातच शिरतात आणि उकडीतलं पाणी बाहेर काढतात. फोडींना ते चालतं, त्यांच्यात पाणी भरपूर. उकडीला नाही चालत. सासूबाईंनी एक शब्द काढला नाही, फक्त माळ्यावरचं मोदकपात्र काढायला सांगितलं.

प्लॅस्टिकचं विचारणारे असतातच. डब्याखाली त्रिकोणात 5 आकडा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची खूण, आहे का बघा, मायक्रोवेव्हला चालतो असं लिहिलंय का बघा, आणि हॉटेलातून आमटी येते त्या पातळ डब्यांत गरम करू नका. किरण अन्नात राहतात का, हे सासूबाईंनीच विचारलं होतं. मी म्हटलं, दिवा घालवला की खोलीत उजेड राहतो का? त्या म्हणाल्या, "तुझं म्हणजे काहीतरीच." पण खाल्लं.

सगळं सुरळीत आहे असं समजू नका. मार्चमध्ये त्या इथेही पाणी घालायला विसरल्या. भांड्याच्या तळाला तपकिरी डाग पडला तो अजून आहे, आणि घरात दोन दिवस करपट वास. पण अठरा मिनिटांनी यंत्र बंद झालं होतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की दहीपोहे.

शिट्टीची सवय मात्र गेलेली नाही. यंत्र टीं टीं करतं त्यावर त्यांचा विश्वास नाही, "ते काय, कशालाही वाजतं." परवा वरच्या मजल्यावरच्या वहिनी तेच भांडं घेऊन आल्या, मुलगी शिकायला बेंगळुरूला चाललीय, खोलीवर गॅस नाही, कसं करायचं ते सांगा. मी त्यांना लिहून देत होते. सासूबाई आतून म्हणाल्या, "पाणी पावणेदोन वाट्या लिहा हो. ती दोन सांगेल, ऐकू नका."