एआय एजंटला लॉगिन दिलं, पासवर्ड नाही दिला

नाशिकच्या एका सीए ऑफिसमध्ये कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. क्लायंटची विजेची बिलं, ब्रॉडबँडची बिलं, ऑनलाइन माल विकणाऱ्यांचे सेलर पोर्टलवरचे रिपोर्ट, हे सगळं महिन्याच्या सुरुवातीला साईटवर जाऊन डाऊनलोड करायचं काम आर्टिकलची (सीए शिकताना ऑफिसात काम करणारी) पोरं करायची आणि त्यात त्यांचा वेळ नुसता वाया जायचा. म्हणून ब्राउझर स्वतः चालवणारा एआय एजंट लावायचं ठरलं. ऑफिसच्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "अरे पण क्लायंटचे पासवर्ड त्याला सांगायचे का?"

नाही सांगायचे. कारण प्रॉम्प्टमध्ये (एजंटला दिलेल्या सूचनेत) जे लिहाल ते मॉडेलकडे (एजंटच्या मागच्या एआयकडे) जातं, म्हणजे आमच्या बाबतीत बाहेरच्या सर्व्हरवर, आणि लॉगमध्येही राहतं. त्याहून मोठा धोका म्हणजे एजंट ज्या पानावर जातो तिथला मजकूर मॉडेल वाचतं, आणि त्यात कोणी सूचना लपवून ठेवली असेल तर ती आपणच दिलीय असं समजून ते कामाला लागू शकतं. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. ऑगस्ट 2025 मध्ये ब्रेव्ह या ब्राउझर कंपनीच्या लोकांनी पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीच्या कॉमेट ब्राउझरवर हे करून दाखवलं होतं, रेडिटवरच्या कमेंटमध्ये लपवलेल्या सूचना वाचून एजंट आधीच लॉगिन असलेल्या जीमेलमध्ये गेला, ओटीपी वाचला आणि त्याच कमेंटखाली उत्तर म्हणून टाकून आला. पासवर्डला हात न लावता एवढं झालं! म्हणजे पासवर्ड लपवून भागत नाही, लॉगिन झाल्यावर काय होतं तेही बघावं लागतं.

मी ब्राउझर-यूज ही पायथॉनची लायब्ररी (एजंटकडून ब्राउझर चालवून घेणारा तयार कोड) घेतली, कारण तिच्यात यासाठी सोय आहे. मॉडेलला फक्त टोपणनाव दिसतं, समजा 'वीज_पास', ते म्हणतं या बॉक्समध्ये वीज_पास टाक, आणि खरा पासवर्ड आपल्या मशीनवरचा कोड ऐनवेळी भरतो. शिवाय कुठलं टोपणनाव कुठल्या डोमेनवर (साईटच्या पत्त्यावर) चालेल ते बांधून देता येतं. तिथे मी स्टार (म्हणजे तिथे काहीही चालेल) लावून मोकळं सोडलं नाही, पूर्ण पत्ताच लिहिला. मग खात्री करायला एक खोटं लॉगिन पेज बनवलं, दिसायला हुबेहूब पोर्टलसारखं, आणि त्यात पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलं की सेशन संपलंय, पासवर्ड परत टाका. एजंट फसला, त्याने टोपणनाव टाकायला घेतलंच, पण डोमेन जुळत नाही म्हणून बॉक्समध्ये पासवर्ड न जाता नुसतं टोपणनावच पडलं. ते बघितल्यावर मला पुढे जायचा धीर आला.

स्क्रीनशॉटचं वेगळंच प्रकरण आहे. पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात खरे, पण शेजारी तो डोळा असतो आणि एजंटने त्यावर क्लिक केलं की अख्खा पासवर्ड फोटोत येतो आणि फोटो मॉडेलकडे जातो. म्हणून लॉगिन पेजवर स्क्रीनशॉट पूर्ण बंद. जिथे लॉगिन पेज सहसा बदलत नाही तिथे तर मी एजंटला लॉगिनपर्यंत येऊच देत नाही, प्लेराईट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलची साधी, एआय नसलेली स्क्रिप्ट लॉगिन करते आणि पुढचा ब्राउझर एजंटच्या हाती देते. तेवढ्या वेळात प्लेराईटचं ट्रेस रेकॉर्डिंग (प्रत्येक पायरीची नोंद) पण बंद, कारण टाईप केलेलं सगळं त्यात साध्या अक्षरात दिसतं, ठिपके बिपके काही नाही.

लॉगिन झाल्यावर प्लेराईट कुकीज (लॉगिन झाल्याची साईटने दिलेली खूण) एका जेसन फाईलमध्ये ठेवू शकतं म्हणजे रोज लॉगिन नको, पण ही फाईल ज्याच्या हातात पडेल तो बऱ्याच साईटवर पासवर्ड नाही ओटीपी नाही, थेट आत जाईल. बरेच जण पासवर्ड तिजोरीत ठेवतात आणि ही फाईल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये तशीच ठेवून गिटवर, म्हणजे कोड जिथे साठवतात आणि वाटतात तिथे, चढवतात, हे मला खरंच काळजीचं वाटतं. आमच्याकडे ती एन्क्रिप्टेड डिस्कवर असते आणि काम झालं की उडवली जाते.

पासवर्ड बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत, एजंटच्या मशीनला वेगळा टोकन (तिची स्वतःची किल्ली) आणि त्यातून फक्त त्याच्या कामाच्याच नोंदी दिसतात. ऑथेंटिकेटर ॲपचा 30 सेकंदांनी बदलणारा कोड मशीनला पण काढता येतो, पण त्यासाठी तो कोड ज्यातून बनतो ते मूळ सीक्रेट पासवर्डशेजारी ठेवावं लागतं, मग दोन कुलपं कशाला लावली? म्हणून ओटीपी माणूसच टाकतो, एजंट थांबतो, आर्टिकल क्लायंटला फोन करते, "काका, ओटीपी आला का?" थोडा वेळ जातो, जाऊदे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो क्लायंटकडून सब-युझर बनवून घेण्यात. फक्त बघणं आणि डाऊनलोड एवढीच परवानगी असलेलं खातं, म्हणजे एजंट फसला तरी बँक खातं बदलणं किंवा पैसे फिरवणं त्याला जमायलाच नको. एका पोर्टलवर सब-युझरची सोयच नाही, एकच लॉगिन आणि त्याला सगळे अधिकार, ते पोर्टल अजून हातानेच चालतं. जीएसटी, इन्कम टॅक्स आणि बँक यांची लॉगिन एजंटला द्यायचीच नाहीत हे मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि मला ते शंभर टक्के पटतं.

शेवटी मॅडमनी विचारलं, उद्या काही गडबड वाटली तर बंद कसं करायचं? ते एका कागदावर लिहून मशीनच्या वर चिकटवलंय: टोकन रद्द करा, प्रत्येक पोर्टलवर सगळ्या डिव्हाईसवरून लॉगआऊट करा, सेशनची (ती कुकीजची) फाईल उडवा, मग पासवर्ड बदला. नुसता पासवर्ड बदलून काही साईटवर जुनं सेशन चालूच राहतं, म्हणून लॉगआऊट विसरायचं नाही. एका शनिवारी मी नसताना आर्टिकलच्या पोरांकडून हे करून घ्यायला मॅडमना सांगितलं होतं, आणि मला फोन न करता त्यांना ते जमलं.