तुम्ही विचारलंत म्हणून: जुनं पिस्तूल नवं करून का देत नाही?

"भाई, एवढी सुंदर वस्तू, जरा चकचकीत करून द्या की!" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुम्ही करता तरी काय?" यंदा चतुर्थीच्या आठवड्यात हे तीनदा झालं. त्यातला एक तर माझा सख्खा मेहुणा. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

काय करतो? थकलेली स्प्रिंग बदलतो. ग्रिप तडकली असेल तर अक्रोडाची नवी कोरून बसवतो आणि जुनी कागदात गुंडाळून मालकाच्या हातात देतो. गंज थांबवतो. गोव्यात हेच अर्धं काम आहे. निवडणूक आली की हत्यारं पोलीस स्टेशनात जमा, आणि पावसाच्या तोंडावर परत आली की चामड्याच्या कव्हरात बुरशी आणि पोलादावर तांबूस ठिपके. (पिस्तूल चामड्यात ठेवू नका, किती वेळा सांगू?) पण बफ मारत नाही (म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणत नाही), निकेल चढवत नाही, सोन्याची वेलबुट्टी काढत नाही. माझ्यानंतर कुणाला मागे फिरवता येईल एवढंच करतो.

लोकांना वाटतं, मला जमत नाही. जमतं. जमलं होतं, तीच भानगड आहे.

1996 सालचा नोव्हेंबर. मी सव्वीस वर्षांचा, बफिंगची मोटर नवीकोरी. दिवाडीचे एक निवृत्त मास्तर लुगर (जुनं जर्मन पिस्तूल) घेऊन आले. लायसन्स चोख, वडिलांकडून वारशाने आलेलं. वडिलांना ती गोवा सोडून जाणाऱ्या एका पाकल्याकडून, म्हणजे पोर्तुगीजाकडून मिळालेली. पोर्तुगालच्या लष्करासाठी जर्मनीत बनलेली, 7.65 मिमीची. नळीच्या मागच्या भागावर मुकुट आणि त्याखाली एम आणि 2, म्हणजे पोर्तुगालचा राजा दुसरा मानुएल. गोळी आत असली की वरची एक पट्टी उचलली जाते आणि तिच्या कडेला पोर्तुगीज शब्द दिसतो, 'कार्रेगादा', भरलेलं आहे. मास्तर म्हणाले, "नाताळाला पोरगा लिस्बनहून येतो. त्याआधी नवी करून दे रे बाबा."

केली. चार दिवस बफ मारला. खड्डे गेले, ओरखडे गेले. चाप आणि खटका पिवळसर दिसत होते, मला वाटलं डाग पडलेत. तो कारखान्यातून तापवून आणलेला रंग असतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तेही घासले. मूळचा काळा रंग हळूहळू चढवलेला असतो: गंज आणायचा, उकळायचा, ब्रशने झाडायचा, पुन्हा आणायचा. मी सगळे पार्ट एका दुपारी खदखदत्या क्षारात बुडवून काळेकुळकुळीत केले. आरशासारखी झाली. मास्तरांनी ठरल्यापेक्षा शंभर जास्त दिले, वर काजूच्या फेणीची बाटली.

नाताळानंतर ते मुलाला घेऊन आले, मला दाखवायला. मुलगा चाळिशीचा. त्याने पिस्तूल हातात घेतलं आणि अंगठा सरळ मुकुटाच्या जागेवर नेला. तिथे घासला. मग खिडकीपाशी गेला, उजेडात तिरकं धरून पाहिलं. मुकुटाचा वरचा अर्धा भाग उरला नव्हता, 2 चा नुसता वळसा राहिला होता. म्हणाला, आजोबा मांडीवर बसवून त्यावर बोट फिरवू द्यायचे. मास्तर मागून म्हणत होते, "किती चकाकते बघ!" तो "हो पाय, छान झालीय," म्हणाला (पाय म्हणजे बाबा) आणि पिस्तूल परत पेटीत ठेवलं. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसरा मानुएल 1910 साली गादीवरून गेला. त्याचं अक्षर त्यानंतर शहाऐंशी वर्षं टिकलं होतं.

आता संग्राहकांचं गणित सांगून मी स्वतःला सोडवू शकतो. झिजलेल्या पण मूळ रंगाला किंमत, नव्या रंगाला नाही. पार्टांवरचे नंबर जुळायला हवेत, अक्षरांच्या कडा धारदार हव्यात. सगळं खरं आहे. पण मास्तरांना किंमत नको होती, त्यांना चकाकी हवी होती आणि ती त्यांना मिळाली. सव्वीस वर्षांचा मी अजून भांडतो: वस्तू त्यांची, पैसे त्यांचे, तू कोण नाही म्हणणारा? माझ्याकडे याला धड उत्तर नाही. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर माणशी तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. तिसरं सोडून आलेला माणूस म्हणतो, राहिलेली दोन तरी देखणी असू देत. त्याचं काय चुकलं?

तरी नाही म्हणतो. कधी कधी उर्मटपणे म्हणतो, तेही कबूल.

सध्या टेबलावर एक सॅव्हेज (हेही पिस्तूलच) आहे, .32 ची, पहिल्या महायुद्धाच्या वेळी पोर्तुगालने अमेरिकेतून मागवलेल्यांपैकी. मालकीणबाई सत्तरीच्या आहेत. परवा म्हणाल्या, नवऱ्याला ती अशी मळकट कधीच आवडली नाही, त्याच्या वर्षश्राद्धाआधी एकदा लख्ख करून द्या. बघतो म्हणालो. तेल लावून पेटीत ठेवलीय. बफिंगच्या मोटरवर फडकं टाकलंय, पण प्लग अजून काढलेला नाही.