नळीतला पांढरा थर

सांगलीच्या विश्रामबागेत आज टेम्पोवरच्या गालिचे धुण्याच्या यंत्राची नळी उघडली, तेव्हा तिच्यात जेमतेम काडी जाईल एवढीच वाट उरली होती.

"साहेब, यंत्र बिघडलेलं नाही, बोअरच्या पाण्यानं क्षार धरलाय," असे म्हणत मिस्त्रींनी एक पांढरी खपली माझ्या तळहातावर ठेवली.

पाणी तापले की त्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटपासून न विरघळणारे कार्बोनेट तयार होते आणि ते नेमके तापणाऱ्या नळीलाच चिकटते, हे शाळेत पाठ केले होते. घरच्या गिझरची कॉइल गेली तेव्हाही ते आठवले नाही. सायट्रिक अॅसिडचे द्रावण फिरवताच फेस उसळला आणि हळूहळू वाट मोकळी झाली.

पाण्यातले थर धरणारे क्षार आधीच काढून घेणारे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, बसवणे मी वर्षभर टाळले. आता बसवीन, पण त्यात वेळच्या वेळी मीठ घालायची आठवण कोण ठेवणार?